पट एकेचाळीस, उपस्थित संजना

खेळाच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि नववीचा शनिवारचा शेवटचा तास मोकळा पडला. हेडसरांनी तो किशोरी मॅडमच्या गळ्यात घातला. "मुलांना नुसतं शांत बसवा, बाकी काही नको," असं ते म्हणाले खरे, पण किशोरी मॅडमना नेमकं तेवढंच जमत नसे. त्या मराठी शिकवायच्या. फोंडाघाटच्या. घाटाच्या पायथ्याशी वाढलेली बाई मालवणच्या किनाऱ्यावर आली होती आणि चार वर्षांत तिला मासे ओळखता येऊ लागले होते, पण मुलांच्या उत्तरांवर समाधान मानायचं काही जमलं नव्हतं. कुणी काहीही सांगितलं की त्या मान तिरकी करून विचारायच्या, "म्हणजे काय?" त्यामुळे वर्गानं त्यांचं नाव 'म्हणजेबाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक नाही, असा वर्गाचा समज होता.

पहिल्याच शनिवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तू कोण?'

"नाव सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "आईवडील, गाव, जात, धर्म, इयत्ता, काही सांगायचं नाही. ते सगळं दप्तरात भरा, चेन लावा, आणि जे बाहेर उरेल ते सांगा."

अतहर लगेच उठला. "मॅडम, मगे ह्या दप्तर कोणाचा ता कसा वळखायचा?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. कौस्तुभ पहिल्या बाकावरचा, दर वर्षी पहिला येणारा. तो उभा राहून म्हणाला, "मी एक जबाबदार नागरिक आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे..." कौस्तुभ घुटमळला. "पुस्तकात आहे मॅडम. पान बघून सांगतो."

मग बराच वेळ कुणी म्हणालं आपण म्हणजे शरीर, कुणी म्हणालं आपण म्हणजे आपले विचार. सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं असताना मॅडमचं बोट मधल्या रांगेतल्या संजनाकडे वळलं. संजना हळूच उभी राहिली. तिनं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "उपस्थित!" सगळा वर्ग खो खो हसला आणि संजना खाली बसली.

या हसण्यामागे एक जुनी गोष्ट होती. ही मुलं आठवीत असताना शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा बघायला आले होते. संजनाची आई चंद्रावती बाजारात मासे विकते, बाप विठोबा होडीवर जातो. तिच्या घरात साहेबाशी बोलायची वेळ सहसा कुणावर येत नाही. साहेबांनी नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं आणि प्रेमानं विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" संजना ताडकन उभी राहिली आणि हजेरीला रोज म्हणतात तसं खणखणीत म्हणाली, "उपस्थित!"

साहेब म्हणाले, "वा. आणि आडनाव?"

इतक्यावर ते मिटलंही असतं. चार दिवस हसून मुलं विसरली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात, जिथे रोजची हजेरी मांडतात तिथे, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'पट - ४१. उपस्थित - संजना.' मग ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ते कुणी लिहिलं हे मात्र कुणाला कळलं नाही.

ते इफ्रानं लिहिलं होतं.

इफ्रा म्हणजे वर्गाचं तोंड. जाळी आणि दोर विकणाऱ्या महंमदची ही मुलगी वादात कुणाला ऐकायची नाही. घरी ती बोलायला लागली की बाप "गिऱ्हाईक इला वाटता" असं म्हणून दुकानात सटकायचा, मग गिऱ्हाईक असो वा नसो. वक्तृत्वात ती तालुक्याला पहिली आली होती, जिल्ह्यालाही बोलून आली होती. मनानं वाईट अजिबात नव्हती. फक्त एखादी गंमत सुचली की ती पोटात ठेवणं तिला शक्य नव्हतं. फळ्यावरचं ते वाक्य तिला रात्री जेवताना सुचलं होतं आणि सकाळी ती सगळ्यांच्या आधी शाळेत पोहोचली होती. नंतर ती ते विसरूनही गेली. नाव वर्गाचं झालं, आणि इफ्राही सगळ्यांबरोबर ते घ्यायला लागली.

'तू कोण?' विचारलं त्याच शनिवारी तास संपताना मॅडम म्हणाल्या, वाचनालयाच्या दोन कपाटांना पावसाळ्यात कसर लागली आहे, बुधवारी शाळा सुटल्यावर कोण साफ करील? इफ्राचा हात सवयीनं वर गेला. मॅडमनी तिच्याबरोबर संजनाचं नाव दिलं. बुधवारी इफ्राच्या मावसबहिणीच्या हाताला मेंदी लागायची होती. इफ्रा तिकडे गेली. संजनानं एक कपाट एकटीनं साफ केलं आणि कुणाला काही बोलली नाही. ती बोलायचीच कमी. पण कपाटं दोन होती, साफ एक झालं होतं, आणि पुढच्या शनिवारी मॅडमनी विचारलंच.

"इफ्रा, तू कबूल केलं होतंस ना?"

दुसरी कुणी असती तर तिनं डोकं दुखत होतं असं सांगितलं असतं. इफ्रा उठली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "मॅडम, गेल्या वेळी आपलं ठरलं की नाव, गाव सगळं काढलं तर आपले विचार तेवढे उरतात. म्हणजे मी म्हणजे माझे विचार."

"ठरलं कुठे? मी नुसतं म्हणजे काय एवढंच विचारलं."

"तेच. आणि विचार तर रोज बदलतात. शनिवारी जिला कपाट साफ करावंसं वाटलं ती एक इफ्रा. बुधवारी जिला वाटलं नाही ती दुसरी. मग तिनं दिलेला शब्द हिनं का पाळायचा?"

अतहरनं बाकावर थाप मारली. तो इफ्राचा चुलतभाऊ, त्यामुळे तिच्या विजयात आपलाही वाटा आहे असं त्याला वाटे. सगळा वर्ग मॅडमकडे बघू लागला. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"मला लगेच उत्तर सुचत नाही," त्या म्हणाल्या. मास्तरकीत असं बोलायचं नसतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नसावं. "आठवडाभर आपण सगळे विचार करू. तोवर तुझा नियम चालू. पण इफ्रा, नियम म्हटला की तो पुरता पाळायचा हां. सोयीपुरता नाही."

"हो मॅडम," इफ्रा म्हणाली. जिंकलेल्या माणसाला अटी नीट ऐकू येत नाहीत.

तो आठवडा नववीनं गाजवला. घरी विसरलेल्या वह्या, फुटलेली कुंडी, वर्गात खाल्लेली चिंच, सगळं कालच्या कुणीतरी केलं होतं. गणिताच्या सरांनी अतहरला गृहपाठ विचारला तेव्हा तो अदबीनं म्हणाला, "सर, गृहपाठ घेतलेला अतहर वेगळा होता." गणिताच्या सरांना असल्या चर्चेत रस नव्हता. समोर जो अतहर होता त्याला त्यांनी तासभर दाराबाहेर उभा केला.

इफ्रानं घरीही प्रयोग करून पाहिला. आई आरिफानं विचारलं, "कपडे काढतंय म्हणालंस ना गो दोरयेवरसून? सगळे भिजले."

"ती कालची इफ्रा, अम्मी. आजची वेगळी आसा."

आरिफानं तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग शांतपणे ताटातली भाकरी उचलून परत डब्यात ठेवली. "बरा झाला सांगलंस. जेवण मी कालच्या इफ्रासाठी केलंय. आजच्या इफ्राक काय आवडता माका ठावक नाय. तिना आपला आपण करून खावचा."

महंमद म्हणाला, "गिऱ्हाईक इला वाटता," आणि उठला. इफ्रा निमूट जाऊन कपडे पिळून आली तेव्हा भाकरी परत ताटात आली.

पुढच्या शनिवारी मॅडम वर्गावर आल्या आणि म्हणाल्या, "हं. नियम कसा चालला? कुणाला काही सांगायचंय?"

मधल्या रांगेतून हात वर झाला. मॅडमना क्षणभर कळेना हा हात कुणाचा, कारण तो त्यांनी आजवर वर झालेला पाहिला नव्हता. संजना उभी राहिली. "मॅडम, मला असं... मला असं म्हणायचं आहे की..." ती अडकली. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"घरी बोलतेस तसं बोल," मॅडम म्हणाल्या.

संजनानं बाकाची कड धरली. "मॅडम, माका सगळे उपस्थित म्हणतत. ता नाव कोणी ठेवल्यान माका ठावक नाय. इफ्राच्या नियमान बघूक गेला तर ज्यान ठेवल्यान तो गेल्या वर्साचो. तो आता नाय. बरा. पण मगे ज्या संजनाक नाव ठेवल्यान ती सुद्धा गेल्या वर्साची. ती पण नाय. देणारो गेलो, घेणारी गेली. मगे ह्या नाव माझ्या आंगार कसा रवला? त्याका कोणी सांगूक नाय काय, तुझी माणसा गेली, तू पण जा म्हणान?"

एवढं बोलून ती खाली बसली. वर्षभरात ती एकूण जेवढं बोलली असेल त्याहून हे जास्त होतं. मॅडमनी 'म्हणजे काय' असं विचारलं नाही.

"इफ्रा?" त्या म्हणाल्या. "नियम तुझा आहे."

इफ्रा उभी राहिली. तिला उत्तर माहीत नाही असं कधी झालं नव्हतं. "मला विचार करायला वेळ हवा," ती म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिला नवल वाटलं.

रविवारभर ती उत्तर शोधत राहिली. बापाच्या दुकानात दोराच्या वेटोळ्यावर बसून तिनं दोनतीन उत्तरं तयारही केली. नाव म्हणजे आवाज, आवाज काही कुणाच्या अंगावर राहत नाही, असं एक होतं. चांगलं होतं. वक्तृत्वात चाललं असतं. पण ते मनात घोळवताना तिला सारखी भलतीच गोष्ट आठवत होती. ती रिकामी वर्गखोली, खिडकीतून येणारं सकाळचं ऊन, बोटांना लागलेली खडूची भुकटी, 'संजना' लिहिताना जरा तिरका गेलेला काना आणि तो पुसून पुन्हा काढला तेव्हाची ती मजा. त्या सकाळी तिथे दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या जगात ती सकाळ एकट्या तिलाच आठवत होती. ती इफ्रा दुसरीच कुणी असेल, तर तिची मजा हिच्याजवळ कशी आली? इफ्रानं खूप प्रयत्न केला, पण या प्रश्नातून तिला वाट काढता येईना. शेवटी महंमदनंच विचारलं, "आज बोलणा नाय ता? बरी आसस मा?"

मंगळवारी परिपाठाला हेडसर एक चौकट घेऊन आले. गेल्या जानेवारीत कणकवलीला झालेल्या जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेचा निकाल एवढ्यात लागून प्रशस्तिपत्र आलं होतं. "आपल्या शाळेची, तेव्हा आठवीत असलेली विद्यार्थिनी," हेडसर जोरात म्हणाले, "कुमारी इफ्रा हिचा द्वितीय क्रमांक आला आहे!"

टाळ्या सुरू व्हायच्या आत अतहर रांगेतून म्हणाला, "सर, ती इफ्रा आता नाय."

हेडसर दचकले. "नाय म्हणजे?"

"गेली, सर. ढगात नाय. तशीच गेली. हयसर हा ती दुसरी."

नववीची रांग हसून हसून वाकडी झाली. हेडसर किशोरी मॅडमकडे बघायला लागले आणि मॅडम स्वतःच्या चपलांकडे. "घेऊ नको गो!" "तिच्या पत्त्यार धाडा, सर!" असा आरडाओरडा सुरू झाला. इफ्रा रांग आणि पायऱ्या यांच्या मधोमध उभी होती. तिच्याजवळ अजूनही तीन युक्तिवाद शिल्लक होते, आणि त्यातला एक तर फारच झकास होता. पण तिला एकदम कंटाळा आला. युक्तिवादाचा नव्हे, त्या दुसरीच्या आड लपायचा.

"सर, ती मीच," ती म्हणाली. "तेव्हा बोलली ती मीच आहे."

तिनं चौकट घेतली. टाळ्या वाजल्या, त्यात शिट्ट्याही होत्या. ती परत रांगेत आली तेव्हा कौस्तुभ मागे वळला. त्याला थट्टा करता येत नसे, तो अगदी मनापासून विचारत होता. "मग कपाट साफ करायचं तुझ्याकडेच आलं ना?"

"होय रे बाबा, माझ्याकडेच इला."

शाळा सुटल्यावर ती वाचनालयात गेली. संजना आधीच तिथे होती. दुसरं कपाट उघडून तिनं पुस्तकांचा ढीग खाली मांडला होता आणि एकेक पुस्तक फडक्यानं पुसत होती. इफ्रानं दुसरं फडकं घेतलं. पाच-सहा पुस्तकं दोघींनी पुसली. सातव्या पुस्तकाला इफ्रा म्हणाली, "संजना, फळ्यार ता मी लिवलंय."

"खंयच्या फळ्यार?"

"आठवीच्या. पट एकेचाळीस... ता."

संजनाचा हात थांबला. "तू?"

"मी."

"तो अतहर नाय?"

"नाय. त्याका अजून ठावक नाय."

संजना मटकन खाली बसली. "अगो बाय माझे! वर्सभर मी अतहराक मनात गाळी घालतंय. गणपतीत आमच्याकडे इल्लो, तर हुडकून हुडकून फुटको मोदक दिलंय त्याका!"

इफ्राला हसू फुटलं. तेवढं तिनं करायला नको होतं. संजना उठली, आणि त्या बंद खोलीत अचानक तिच्या आईचा, चंद्रावतीचा, बाजारातला आवाज घुमला.

"हसतंस? तो सायब दोन मिनटात गेलो. माझी चूक थयसरच मेली असती. तू ती फळ्यार चढवलंस. एसटीचो पास काढूक गेलंय तर खिडकेवरच्या बाबून नाव इचारल्यान, आणि माझ्या तोंडार पयला काय इला, ठावक आसा? तू लिवलेला ता! माझा नाव माका आठवूक लागला! तू बोलतंस तेवा सगळे टाळये वाजवतत. मी बोलूक उठतंय तर कोणतरी माझ्या आधी बोलून मोकळो. म्हणान मी उठूचाच सोडलंय. समाजला?"

इफ्राच्या हातात कुठलासा शब्दकोश होता. तो तिनं खाली ठेवला. "समाजला," ती म्हणाली.

"तेवा मजा वाटली?"

खोटं बोलणं सोपं होतं. "वाटली. बरीच."

"आणि आता?"

"आता ती मजा आठवली की माका माझीच लाज वाटता."

संजनानं फडकं झटकलं आणि परत पुस्तकांकडे वळली. "माफी हयसर कपाटात मागा नको. वर्गात लिवलंस, वर्गात सांग. आणि दुसरा. मी तुका एक नाव ठेवतलंय."

"काय नाव?"

"ता मी बघतलंय."

शनिवारी इफ्रानं सांगितलं. भाषणासारखं सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि प्रथमच तिचं बोलणं मध्ये मध्ये तुटलं. वर्गाला मोठा धक्का वगैरे बसला नाही. दोघीतिघी म्हणाल्या, आम्हांला वाटलंच होतं. दुखावला गेला तो अतहर, आणि तोही संजनानं सांगून टाकलेल्या मोदकावरून. "फुटको मुद्दाम दिलंस?" तो संजनाला परत परत विचारत राहिला. "मी समाजलंय प्रेमान दिलंस!"

इफ्रा म्हणाली, "मॅडम, माझा नियम मी मागे घेते. कपाट साफ न करणारी मीच होते, फळ्यावर लिहिणारी मीच, बक्षीस घेणारीही मीच. त्यातलं एकच निवडता येत नाही. आणि आता मला त्या मुलीसारखं वागायचं नाही, पण ती मी नव्हते असं म्हटलं तर मग मी बदलले हे तरी कुणाबद्दल म्हणायचं?"

मॅडमची मान तिरकी झाली. सगळा वर्ग वाट बघू लागला.

"म्हणजे काय?" मॅडम म्हणाल्या, आणि हशा पिकल्यावर शांतपणे पुढे म्हणाल्या, "हसता कशाला? म्हणजेबाईंनी एवढं तर विचारायलाच हवं."

हसणं जागच्या जागी थांबलं. एकेचाळीस तोंडं उघडी राहिली. मॅडमनी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते, म्हणजे त्या हसत असाव्यात.

संजनाचं जुनं नाव काही त्या दिवशी गेलं नाही. मागच्या बाकावरचे दोघंतिघं अजून कधीमधी ते घेतात. पण आता त्यांना उलट उत्तर मिळतं, आणि तेही चंद्रावतीच्या आवाजात, त्यामुळे ते घेण्याआधी विचार करतात. तासाला संजना बोलते. दर शनिवारी नाही, पण बोलते तेव्हा मॅडम खडू खाली ठेवतात.

इफ्राचं नाव मात्र अजून ठरलेलं नाही. सहामाही झाली, दिवाळी झाली. इफ्रानं दोनदा विनवलं, "ठेव गो एकदाचा, जीव टांगणीक लागलोहा." संजना म्हणते, "घाई कित्याक? बघतंय मी." कधी कधी ती वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहून खोडते आणि इफ्रा मान लांब करकरून बघायचा प्रयत्न करते. आणि शनिवारच्या तासाला इफ्रा बोलायला उठली, पाच मिनिटं झाली, दहा झाली, घंटा जवळ आली, की मधल्या रांगेतून संजना फक्त हळूच विचारते, "ठेवू?"

इफ्रा वाक्य अर्ध्यात सोडून खाली बसते.